डबीतले आकडे

आमच्या गॅरेजात बदल केलेली पहिली इंजेक्शनची मोटरसायकल आली, तेव्हा माझ्या नवऱ्याने ती दोन दिवस नुसती उभी करून ठेवली होती. मालकाने पुण्यातून मोकळा एअर फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर आणून बसवला होता. आवाज भारदस्त झाला, पण गाडी बिघडली. रेस सोडली की सायलेन्सर फटाके फोडायचा. चढाला आचके द्यायची. भोरहून कापूरव्होळपर्यंत जाऊन आलं तरी इंजिन एवढं तापायचं की शेजारी मांडी ठेववत नव्हती. दुखणं साधं होतं. इंजिनात हवा जास्त जायला लागली होती आणि पेट्रोल मात्र कंपनीने ठरवून दिलेलं तेवढंच पडत होतं. जुनी कार्बोरेटरची गाडी असती तर यांनी पेट्रोलचा जेट मोठा घातला असता, स्क्रू पाव आटा फिरवला असता, कान देऊन ऐकलं असतं आणि दहा मिनिटांत गाडी मालकाच्या हातात दिली असती. या इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं ते गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो, फिरवायला स्क्रूच नव्हता.

मी तेव्हा तहसील कचेरीजवळच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात ऑनलाइन फॉर्म भरायचं काम करायचे. माहेर कामथडीचं. तिथेच कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, तेवढंच माझं शिक्षण म्हणायचं. दुपारी मी गॅरेजात गेले तर हे त्या गाडीसमोर स्टूल टाकून बसलेले.

मी विचारलं, "जेवला न्हाई अजून?"

"हिच्या पोटात काय चाललंय तेच कळंना," ते म्हणाले. "ह्यो मालक एक डबी पण घेऊन आलाय. म्हणतो ही बसवा, म्हणजी पेट्रोल वाढवता येतं. पण ती चालवायला लॅपटॉप लागतो."

डबीसोबतचा कागद इंग्रजीत होता. मी तो मोबाईलवर शब्द शोधत शोधत वाचला. त्या दुपारी आमच्या दोघांचं काम एक झालं, असं मी आज म्हणते. तेव्हा वाटलं, एवढी एक गाडी मार्गी लावून द्यावी.

ती डबी गाडीच्या कॉम्प्युटर आणि इंजेक्टरच्या मधे बसते. लॅपटॉपला जोडली की पडद्यावर एक तक्ता उघडतो. उभ्या बाजूला इंजिनाचे फेरे, आडव्या बाजूला रेस किती पिळलीय ते, आणि मधल्या प्रत्येक चौकोनात एक आकडा. त्या वेगाला, त्या रेसला पेट्रोल किती वाढवायचं ते सांगणारा. शिवाय सायलेन्सरच्या नळीला भोक पाडून एक सेन्सर बसवायचा. तो धुराचा वास घेतो म्हणा ना. इंजिन कोरडं चाललंय की पेट्रोल जास्त होतंय, हे तो नोंदवून ठेवतो. हे गाडी घेऊन मांढरदेवीच्या घाटाला जायचे, वर जाऊन परत यायचे, आणि मी वायर जोडून बघायचे.

"चार हजार फेऱ्यांपाशी कोरडी दिसतीय," मी म्हणायचे.

"व्हय, तिथंच बारीक टकटक येतीया," ते म्हणायचे. "डब्यात खडे हलवल्यावानी."

पेट्रोल कमी पडलेलं इंजिन चढावर ओढायला लागलं की असा आवाज करतं. नॉकिंग म्हणतात त्याला. तो आवाज तसाच चालू राहिला तर पिस्टन वितळतो. माझ्या पडद्यावर जो चौकोन लाल दिसायचा, तिथेच त्यांच्या कानाला खडे लागायचे. मी आकडा वाढवायचे, ते पुन्हा घाट चढून यायचे. चार-पाच फेऱ्यांत गाडी लोण्यासारखी चालायला लागायची. शिरवळपासून, पार वेल्ह्यापासून गिऱ्हाईक यायला लागलं. फॉर्मचं काम मी अर्ध्या दिवसावर आणलं. लग्नानंतर आम्ही एकमेकांशी एवढं कधी बोललो नव्हतो जेवढं त्या दोन-तीन वर्षांत बोललो, आणि ते सगळं बोलणं पेट्रोल आणि हवेबद्दल होतं.

मग ते हळूहळू कमी झालं. मी काही विचारलं की ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. स्वयंपाकघरातून हाक मारली तर ओ नाही. मुलगी शाळेतलं काही सांगायला लागायची तर ते मधेच उठून जायचे. पण गॅरेजात पुरुष गिऱ्हाईक आलं की नीट बोलायचे, हसायचे. मला वाटलं, माझा कंटाळा आलाय. बाई लॅपटॉप घेऊन बसते आणि नवरा गाडी फिरवून आणतो, असं बाजारात लोक म्हणतात ते मला माहीत होतं. त्यांना ते लागलं असेल असं धरून मी चाललेले. मीही बोलणं कमी केलं. दोन वर्षं आमच्या घरात अशी गेली. त्या दोन वर्षांत मी त्यांच्याबद्दल मनात काय काय बोलले ते लिहायची माझी हिंमत नाही.

वैशाखी पौर्णिमेला आम्ही सासरच्या गावी, भोंगवलीला गेलो होतो. विहारात सगळे मिळून वंदना म्हणत होते. हे माझ्यापासून चार माणसं सोडून पुढे बसले होते. "संघं सरणं गच्छामि" म्हणून सगळे थांबले आणि त्यांचा एकट्याचा आवाज मागे राहिला. पुढच्या ओळीलाही तसंच झालं. लहान पोरं तोंडावर हात ठेवून हसली. माझ्या सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. म्हटलं, लक्ष नसेल.

पावसाळा संपल्यावर एका गाडीचा सेन्सर बिघडला, तेव्हा लॅपटॉप मांडीवर घेऊन मी स्वतः त्यांच्या मागे बसले. घाटाच्या दुसऱ्या वळणाला गाडी ओढायला लागली आणि मला खडे ऐकू आले. अगदी स्पष्ट. मी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"काय झालं?"

"नॉकिंग येतंय की."

"कुठं? कायबी न्हाई."

"अहो, येतंय. पुन्हा चढवा बरं."

त्यांनी पुन्हा चढवली. तोच आवाज, आणखी मोठा. त्यांनी मान वळवून विचारलं, "कुठंय?" मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते खोटं बोलत नव्हते. रस्त्याच्या कडेला उभं राहून मी अगदी बारीक आवाजात त्यांचं नाव घेतलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी कधी नाव घेतलं नव्हतं. ते गाडीकडेच बघत राहिले.

मी दवाखान्याचं काढलं तर चिडले. "गॅरेज बंद पाडायचंय का तुला? मिस्त्रीला ऐकू येत न्हाई म्हणल्यावर कुत्रं तरी येईल का हितं?" त्यात खोटं काही नव्हतं. वीस वर्षं ते उघड्या सायलेन्सरच्या तोंडापाशी बसून काम करत आले होते. कानात कापूस घाला असं त्यांना कोणी सांगितलं नाही, मीसुद्धा नाही. त्यानंतर मी कुणाला बोलले नाही. आकडे तपासायचेत असं सांगून दर वेळी त्यांच्या मागे बसायला लागले. कान माझे, हात त्यांचे, असं काम चालू राहिलं.

याच काळात आमच्याकडे एक गुरुजी यायचे. राहायला भोरमध्ये, शाळा वेल्ह्याच्या पुढे खिंड ओलांडून एका वाडीत. वय पंचेचाळीसच्या पुढे. सुपारीचं खांडसुद्धा खायचे नाहीत. आयुष्यात एकच हौस केली म्हणायचे, ती ही गाडी. फिल्टर आणि सायलेन्सर त्यांनी आमच्याकडूनच बसवून घेतला. मी त्यांच्या गाडीचा तक्ता चार दिवस घालून बनवला होता, कारण खिंडीचा चढ अवघड आणि रोजचा. गुरुजी खूश होते. एकच तक्रार, ॲव्हरेज कमी झालं.

"बाई, थोडं पेट्रोल कमी करता येईल का?" त्यांनी मला विचारलं होतं.

"न्हाई गुरुजी," मी म्हटलं. "चढाला ते लागणारच. कमी केलं तर इंजिन जाईल."

त्यांनी मान डोलावली. हे शेजारीच चाक खोलत होते.

महिन्याभराने एका दुपारी वेल्ह्याहून टेम्पोतून गुरुजींची गाडी आली. गाडी आली, गुरुजी आले नाहीत. टेम्पोवाल्याने सांगितलं, खिंडीच्या चढाला इंजिन एकदम जाम झालं, मागचं चाक धरलं, गुरुजी गाडीखाली गेले. पुण्याला नेलंय. पाय गेला म्हणतात गुडघ्यात.

यांनी त्याच संध्याकाळी इंजिन उघडलं. पिस्टनच्या माथ्याला करंगळी जाईल एवढं भोक पडलं होतं, कडा वितळलेल्या. पेट्रोल कमी पडून मेलेलं इंजिन असंच दिसतं. ते बराच वेळ पिस्टन हातात धरून बसले. मग फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला आणि चहाला जातो म्हणून बाहेर गेले.

मी डबी काढून लॅपटॉपला जोडली. माझा तक्ता माझ्याकडे जपून ठेवलेला असतो, प्रत्येक गाडीचा. दोन्ही शेजारी उघडले. डबीतला प्रत्येक आकडा माझ्या आकड्यापेक्षा कमी होता, आणि सगळीकडे सारखाच कमी. लॅपटॉपवरून कोणी तसं करत नाही. डबीच्या अंगावर दोन बटणं असतात, एकाने सगळं पेट्रोल एकदम वाढतं, दुसऱ्याने एकदम कमी होतं. सीट काढल्याशिवाय ती दिसत नाहीत. पंधरा दिवसांपूर्वी गाडी ऑइल बदलायला आली होती, तेव्हा मी फॉर्मच्या दुकानात होते. गुरुजींचं ॲव्हरेज वाढावं म्हणून यांनी कमी करायचं बटण दाबलं असणार, नेहमीसारखे घाटाला गेले असणार, ऐकलं असणार. काही ऐकू आलं नाही म्हणून गाडी चांगली झाली असं समजले असणार. कदाचित त्यांना एकदा तरी माझ्याशिवाय एखादी गाडी नीट करायची होती.

ते परत आले तेव्हा मी लॅपटॉप मिटून ठेवला होता. 

गुरुजी दोन महिन्यांनी रिक्षातून आले. दोन्ही काखेत कुबड्या. त्यांच्या बायकोने त्यांना आमच्या स्टुलावर बसवलं. पाय सरळ पुढे राहिला, वाकत नव्हता. गॅरेजात आणखी तीन गिऱ्हाईकं उभी होती. गुरुजी रागावलेले दिसत नव्हते, तेच जास्त वाईट वाटलं.

ते यांना म्हणाले, "मिस्त्री, मी भांडायला आलेलो न्हाई. मला फक्त सांगा, चूक कुठं झाली. मी रोज विचार करतोय, माझीच काय चूक झाली का."

यांनी त्यांच्या ओठांकडे बघत सगळं ऐकलं. मग फडक्याला हात पुसत म्हणाले, "पेट्रोलचं काम लॅपटॉपवर असतं गुरुजी. ते ही बघती. तिला विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. मला आठवतं, माझ्या डोक्यात तेव्हा राग नव्हता. हिशेब चालला होता. खरं सांगितलं तर पुढचा प्रश्न येणार, मिस्त्रींना आवाज कळला कसा नाही. आणि त्याचं उत्तर तीन गिऱ्हाईकांसमोर द्यावं लागणार. समोर उभा माणूस मान खाली घालून हात पुसतच होता. हात कधीचे पुसून झाले होते.

"माझ्याकडून चूक झाली गुरुजी," मी म्हटलं. "आकडा चुकला."

गुरुजींनी डोळे मिटले. "मधे ॲव्हरेज वाढलं होतं," ते स्वतःशीच म्हणाले. "मला वाटलं, गाडी मोकळी झाली." मग मला म्हणाले, "बाई, तुमी आधी नीट शिकून घ्यायला पायजे व्हतं. माणसं जातात यात."

 जाताना त्यांच्या बायकोने माझ्याकडे एकदा बघितलं.

पुढे जे व्हायचं ते झालं. बाईने आकडा चुकवला आणि गुरुजींचा पाय गेला, ही गोष्ट भोरच्या बाजारापासून वेल्ह्याच्या एसटी स्टँडपर्यंत पोचली. ती कुणी मुद्दाम पसरवली नव्हती. इंजेक्शनचं काम आधी बंद झालं, मग साधं सर्व्हिसिंग. वर्षभरात गॅरेजची जागा आम्ही सोडली. आता ते कापूरव्होळच्या रस्त्याला टायर-पंक्चरचं काम करतात. ट्यूब पाण्यात धरायची, बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. त्याला कान लागत नाहीत.

शेवटी मी त्यांना पुण्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाईंनी कागदावरची एक रेघ दाखवली, डावीकडे बरी आणि उजवीकडे खाली कोसळलेली. म्हणाल्या, "बारीक आवाज आधी जातात. ट्रकचा हॉर्न, पुरुषांचं बोलणं यांना बऱ्यापैकी कळत असेल. कुकरची शिट्टी, पक्षी, बायकांचा आणि मुलांचा आवाज, हे पहिल्यांदा गेलं असणार. तीन-चार वर्षं तरी झाली असतील."

मी तिथेच बाकावर बसले. ते विचारत होते, "काय म्हणाल्या? काय म्हणाल्या?" मला स्वयंपाकघरातून मारलेल्या हाका आठवत होत्या, आणि त्यांच्या शेजारी उभं राहून गुरुजींना पेट्रोल कमी होणार नाही म्हटलेलं.

कानाचं मशीन मिळालं. ते घातलं की सगळंच कर्कश होतं, डोकं दुखतं म्हणतात. डब्यात ठेवलंय. आता जाड आवाजही जायला लागलेत. आमच्या घरात काहीही सांगायचं म्हणजे ओरडून सांगावं लागतं आणि ते तीन घरं ऐकतात. काही गोष्टी ओरडून बोलता येत नाहीत. त्यामुळे बटणाचं बोलणं आमच्यात कधी निघालंच नाही.

मी पुन्हा पूर्ण वेळ फॉर्म भरते. मागच्या वर्षी उन्हाळ्यात गुरुजी दुकानात आले. कुबड्या गेल्या होत्या, काठी होती. आधी त्यांनी मला ओळखलं नाही, मग ओळखलं आणि दारातच थांबले. फॉर्म भरायचं दुसरं दुकान बंद होतं, म्हणून आत आले. त्यांना बदलीचा अर्ज भरायचा होता, अपंगत्वाच्या कारणावरून जवळची शाळा मिळावी म्हणून. मी विचारत गेले, ते सांगत गेले. नाव, पद, सेवेची वर्षं. प्रमाणपत्रावर पायाच्या अपंगत्वाचा टक्का होता तो मी टाइप केला. त्यांनी चष्मा वर करून तो आकडा पुन्हा वाचला.

"बरोबर आहे का बघून घ्या," मी म्हटलं.

"बघतोय," ते म्हणाले.

त्या दिवशी घरी आल्यावर मी मुलीच्या वहीतलं पान फाडलं आणि लिहिलं, "आज गुरुजी आले होते. पाय वाकत नाही. डबीचं बटण तुम्ही दाबलं होतं, हे मला इंजिन उघडलं त्याच दिवशी कळलं होतं." ते हातपाय धुऊन बसले होते. त्यांनी वाचलं. दोनदा वाचलं.

"मला म्हाईत व्हतं," ते म्हणाले. "तुला म्हाईत हाये ते." कागद खाली ठेवत म्हणाले, "ऐकूच आलं न्हाई गं मला. लई ध्यान दिऊन ऐकलं व्हतं. दोनदा घाट चढलो."

मी ते पान घडी करून वहीत ठेवलं.

रविवारी ते स्वच्छ शर्ट घालून निघाले. कुठे जातायत ते सांगितलं नाही, पण मशीनचा डबा खिशात घातलेला मी बघितला. दोन तासांनी परत आले. मी मोठ्याने विचारलं, शेजारी ऐकेनात का, "गुरुजींकडं गेला होता?"

"व्हय. सगळं सांगितलं. तुझी चूक नव्हती, माझी व्हती म्हणालो. कान गेल्याचं पण सांगितलं."

"मग? ते काय म्हणाले?"

ते चपला काढत होते. "लई वेळ बोलत व्हते. त्यांची बायको पण बोलली. बाहेर मांडव पडला व्हता, कुणाचं तरी लगीन, स्पीकर चालू. मशीनमधी नुसता त्योच गोंगाट. मला काय कळलंच न्हाई."

"तोंडाकडं तरी बघायचं."

"न्हाई बघवलं," ते म्हणाले.

मी त्यांना ताट वाढलं. गुरुजींची बदली झाली असं नंतर दुकानात कळलं, नीरेच्या बाजूला कुठेतरी. त्यांनी घरही हलवलं. ते त्या दिवशी काय बोलले, हे विचारायला मी जाईन जाईन म्हणता गेले नाही.